लहानपणी टीव्हीवर पाहिलेली ती भीतीदायक बाहुली शोधायची कशी?

आधी एक काम करा. वाचायचं थांबवा, एक कोरा कागद घ्या आणि आठवतंय तेवढं लिहून काढा. बाहुलीचा चेहरा, आवाज, मागचा पडदा, टीव्ही घरात कुठे होता, शेजारी कोण बसलं होतं. खाली आजची तारीख टाका आणि मग पुढे या. पुढे मी बऱ्याच बाहुल्यांची नावं घेणार आहे. एकदा ती कानावर पडली की त्यांतलं काय तुमचं आणि काय माझं, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

मी नेमकी ही चूक केली. मला आठवत होतं ते एवढंच: काळा पडदा, त्यावर पांढरट चेहऱ्याची बाहुली, तिचा खालचा जबडा टक्कन उघडतो आणि ती हसते. साल १९८६ किंवा ८७, ठाण्याचं घर, ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. हे न लिहिताच मी ताईला फोन केला, ‘तुला ती पांढरी बाहुली आठवते का गं?’ ताई म्हणाली, ‘हो तर, ससा होता तो!’ झालं. त्या दिवसापासून माझ्या बाहुलीला लांब कान फुटले आणि मी दोन वर्षं सशाचा कार्यक्रम शोधत बसलो. शेवटी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अरे, तो पापडाचा ससा.’ लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला, रामदास पाध्यांनी बोलका केलेला, ‘कर्रम कुर्रम’वाला ससा. माझ्या आठवणीतलं हसणं त्याचं होतं. चेहरा कुणाचा, ते अजून कळायचं होतं.

१. साक्षी घ्या, पण एकेकट्याला गाठून

भावंडं, शेजारी, वर्गमित्र सगळ्यांना विचारा. फक्त घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे पहिला जे लिहितो तेच बाकीच्या आठ जणांना आठवायला लागतं. प्रश्न मोघम ठेवा: ‘लहानपणी टीव्हीवर बघून घाबरायचास असं काही होतं का?’ ‘बाहुली’ हा शब्दसुद्धा त्याच्या तोंडून आधी येऊ द्या. उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून घ्या, सुधारू नका.

आणि कार्यक्रमापेक्षा घराबद्दल जास्त विचारा. ‘आम्ही खालच्या मजल्यावर कुलकर्ण्यांकडे बघायचो’ हे वाक्य सोन्यासारखं आहे, कारण तुमच्याकडे टीव्ही कधी आला ते आईला नक्की आठवतं आणि कार्यक्रम त्याच्या आधीचा ठरतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत टीव्हीला परवाना लागायचा, त्याचे पैसे पोस्टात भरायचे. ते परवान्याचं पुस्तक कपाटात सापडलं तर अर्धं काम झालं.

२. नेहमीचे संशयित आधी बाद करा

मराठी माणसाच्या डोक्यातल्या भीतीदायक बाहुलीचा पहिला संशयित एकच: तात्या विंचू. ‘झपाटलेला’ १९९३ साली आला, महेश कोठाऱ्यांचा. बाहुली रामदास पाध्यांची, तात्या विंचू दिलीप प्रभावळकर. पुढे हा सिनेमा टीव्हीवर इतक्या वेळा लागला की त्याआधीच्या सगळ्या बाहुल्यांवर त्यानं आपला चेहरा चढवला. तुमच्या आठवणीत बाहुली स्वतःच्या पायांनी चालत असेल, अंगावर येत असेल, कुणी मंत्र म्हणत असेल, तर आधी तो सिनेमा पुन्हा बघा.

दुसरा संशयित जाहिराती. वीस-तीस सेकंदांची जाहिरात रोज लागते, कार्यक्रम आठवड्यातून एकदा. कोवळ्या डोक्यात पक्कं काय बसणार?

तिसरा, शाळेच्या गॅदरिंगमधले किंवा गणेशोत्सवातले बाहुल्यांचे खेळ. अर्धवटराव ही बाहुली तर पाध्यांच्या घरात यशवंत पाध्यांपासून चालत आलेली. हजारो मुलांनी ती मांडवात बसून पाहिली आणि टीव्हीवरही पाहिली. कुठली आठवण कुठली, हे सांगणं कठीण होतं.

चौथा संशयित परदेशी आहे, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. ‘कँडल कोव्ह’ नावाचा सत्तरच्या दशकातला अमेरिकन बाहुल्यांचा कार्यक्रम, समुद्री चाचे, किंचाळणाऱ्या बाहुल्या, असं वर्णन तुमच्या वाचनात आलं असेल. तो कार्यक्रम कधीच नव्हता. २००९ साली क्रिस स्ट्रॉब या अमेरिकन चित्रकथाकारानं लिहिलेली ती गोष्ट आहे. काही मोठी झालेली मुलं आपापल्या आठवणी एकमेकांना सांगताहेत, अशी तिची मांडणी. शेवटी एक जण आईला विचारतो, तर आई म्हणते, तू अर्धा तास नुसत्या मुंग्या बघत बसायचास. (मुंग्या हा शब्द अर्थात आपला. सिग्नल गेल्यावर पडद्यावर दिसायच्या त्या.) २०१६ मध्ये या गोष्टीवरून ‘चॅनेल झीरो’ ही मालिका निघाली. तिच्यातला तुकडा कुणी ‘अस्सल जुनं फुटेज’ म्हणून पाठवला तर हसून सोडून द्या.

३. साल आणि स्टेशन ठरवा

इथे घाई करू नका. बहुतेक शोध इथेच चुकीच्या वाटेला लागतात.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्याला ते पुढच्या वर्षी सिंहगडावरून दिसायला लागलं. रंग आले १९८२ मध्ये, पण घरोघरचे टीव्ही त्यानंतरही कितीतरी वर्षं काळेपांढरेच होते. म्हणून ‘कार्यक्रम ब्लॅक अँड व्हाइट होता’ यावरून कार्यक्रमाचं साल कळत नाही, फक्त तुमच्या टीव्हीचं वय कळतं.

तुम्ही कुठे वाढलात हे त्याहून महत्त्वाचं. राज्यातल्या बऱ्याच गावांत टीव्ही पोचला तो १९८४ च्या सुमारास बसवलेल्या छोट्या प्रक्षेपकांमुळे. त्यातले अनेक सुरुवातीला दिल्लीचंच प्रक्षेपण दाखवत. म्हणजे मुंबई-पुण्याचं मूल ‘किलबिल’ हा मुंबई दूरदर्शनचा मराठी मुलांचा कार्यक्रम बघत होतं, तेव्हा लातूरकडच्या मुलासमोर हिंदी कार्यक्रम असू शकतो. घरात सगळे मराठी बोलणारे असले की आठवणीतली बाहुलीही मराठी बोलायला लागते. भाषेवर पैज लावू नका.

कोकणपट्टीतल्यांसाठी आणखी एक. उन्हाळ्यात समुद्रावर हवेचे थर असे बसतात की टीव्हीच्या लहरी शेकडो किलोमीटर वाकून येतात. न कळणाऱ्या भाषेतला, मध्येच उमटून विरणारा कार्यक्रम आठवत असेल तर तो अरबी समुद्रापलीकडचा असू शकतो.

बोलण्यातल्या खुणाही पकडा. कुणी ‘सह्याद्रीवर लागायचं’ म्हणालं तर लक्षात घ्या, दूरदर्शनच्या मराठी वाहिनीचं हे नाव २००० सालचं. एकतर कार्यक्रम त्यानंतरचा आहे किंवा सांगणारा जुन्या गोष्टीला नवं नाव देतोय. अल्फा मराठी, म्हणजे आताची झी मराठी, १९९९ ची. गुलजारांच्या शीर्षकगीताची ‘पोटली बाबा की’ १९९१ ची, ‘गली गली सिम सिम’ २००६ ची. या दोन्हींत बाहुल्याच आहेत, तेव्हा आधी त्यांच्याशी ताडून बघा.

४. बाहुली कशी हलायची?

चेहऱ्यापेक्षा हालचाल भरवशाची. हातमोज्यासारखी बाहुली असेल तर ती कमरेच्या खाली नसते आणि टेबलामागून डोकावते. सूत्रांवरची असेल तर पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. काठीवरची असेल तर हात कोपरात न वाकता अख्खे वर जातात. माणसाच्या मांडीवर बसून फक्त जबडा हलत असेल तर ते शब्दभ्रमाचं काम. रंगवलेली लाकडी बाहुली, मागे गाणं सांगणारा माणूस असं असेल, तर तो मुलांचा कार्यक्रमच नसेल. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची, परंपरा आहे. तिच्यावरचा एखादा माहितीपट लहानपणी पाहिला असेल तर तोही असाच अर्धवट, अंगावर काटा आणणारा आठवतो.

आणि एवढी भीती का वाटली होती, तेही कागदावर मांडा, कारण त्यातून धागे निघतात. काळा पडदा असतो तो बाहुली चालवणाऱ्यांचे काळे कपडे आणि हात लपावेत म्हणून. बाहुलीची पापणी लवत नाही. आवाज आधी येतो, जबडा मागून. अँटेना जरा फिरली की प्रत्येक चेहऱ्याला शेजारी दुसरा फिकट चेहरा चिकटतो, मग गच्चीवरून बाबा ओरडतात, ‘आलं का?’ आणि खालून आपण, ‘नाही, अजून थोडं!’ त्यातच मध्येच चित्र जाऊन ‘व्यत्यय’ची पाटी. या सगळ्यातलं बाहुलीवाल्यांनी काहीच मुद्दाम केलेलं नसतं. म्हणून जुन्या कलाकाराला फोन करून ‘तुमचा तो भुताचा कार्यक्रम’ असं विचारू नका. त्यांच्या लेखी ती दात घासायला शिकवणारी आजी असते.

५. नावावर अडून बसू नका

परदेशात एक प्रसिद्ध शोध झाला. अमेरिकेत एकाला लहानपणी निकलोडियन या वाहिनीवरच्या ‘पिनव्हील’ या मुलांच्या कार्यक्रमात पाहिलेलं घड्याळवाल्या माणसाचं अंगावर येणारं कार्टून आठवत होतं. नाव माहीत नाही, म्हणून त्यानंच ‘क्लॉकमन’ म्हटलं. २०१२ पासून लोक शोधत होते, सापडलं २०१७ मध्ये. निघालं काय, तर १९७६ मधली चेकोस्लोव्हाकियाची छोटी ॲनिमेशन फिल्म, आणि नावात घड्याळ नाहीच, सॅली नावाची मुलगी आहे. ‘क्लॉकमन’ हेच शीर्षक धरून बसलेल्यांना ती शंभर वर्षांत सापडली नसती. आपल्याकडच्या ‘टकलू बाहुली’, ‘हसणारी आजी’ या नावांचंही तेच. ती तुमच्या वहीतली लेबलं आहेत.

६. टेपेआधी कागद

टीव्हीची टेप महाग होती, म्हणून जगभर ती पुसून पुन्हा वापरली गेली. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची ‘ह्योक्कोरी ह्योतानजिमा’ ही बाहुल्यांची मालिका १९६४ ते १९६९ चालली, १,२२४ भाग झाले आणि मूळ टेपांवर शिल्लक राहिले अवघे आठ. १९९१ मध्ये तिचे भाग नव्यानं करायचे ठरले, तेव्हा कामाला आल्या एका प्रेक्षकाच्या वह्या. त्यानं शाळकरी वयात भाग बघून संवाद आणि गाणी उतरवून ठेवली होती. आपल्याकडे दूरदर्शनवरही टेपा पुन्हा वापरत, आणि थेट प्रक्षेपित झालेलं तर मुळात टेपेवर उतरलेलंच नसे.

तेव्हा वाचनालयाची वाट धरा. महाराष्ट्र टाइम्स, लोकसत्ता, सकाळ यांत रोजचे टीव्हीचे कार्यक्रम छापून यायचे. बांधीव जुने अंक कुठे आहेत याची चौकशी तुमच्या भागातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयापासून करा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा ठिकाणी निदान ‘अमुक यांच्याकडे विचारा’ एवढं तरी कळतं. जाताना साल ठरवून जा. मोघम ‘ऐंशीच्या दशकातले अंक’ मागितलेत तर ग्रंथपाल चष्म्यावरून बघतात, आणि बरोबरच करतात.

सुरुवात मे महिन्यापासून आणि दिवाळीच्या सुट्टीपासून करा. मुलांचं जादा काही लागलं असेल तर तेव्हा. बऱ्याचदा रकान्यात नुसतं ‘५.३० किलबिल’ एवढंच दिसेल आणि जीव खट्टू होईल. तरी पान उलटा. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण, वाचकांची पत्रं, कलाकाराच्या सत्काराची चार ओळींची बातमी, नाव तिथे सापडतं. फोटो काढायची परवानगी आधी घ्या आणि प्रत्येक फोटोत तारीख येईल असं बघा.

७. संस्थांकडे जाताना

मुलांचं सगळंच दूरदर्शननं बनवलेलं नव्हतं. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून शैक्षणिक कार्यक्रम करायची आणि ते दूरदर्शनवरून दिसायचे. ती २०१७ मध्ये बंद झाली. आठवणीत फळा, प्रयोग, ‘तर मुलांनो’ असं काही असेल तर निर्माता म्हणून तिचं नाव वहीत वरच्या ओळीत लिहा. पुण्याचंच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं, पण तो सिनेमाचा संग्रह. टीव्हीच्या टेपेसाठी तिथे पहिली खेप घालू नका. दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती आपल्या संग्रहातलं जुनं साहित्य यूट्यूबवर टाकत असते. तिथे शोधताना देवनागरी, रोमन आणि चुकीची रोमन स्पेलिंगं, सगळं टाकून बघा.

मग माहिती अधिकार. प्रसार भारती सार्वजनिक प्राधिकरण आहे, २००५ चा कायदा तिला लागू आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. सगळी गंमत प्रश्न कसा लिहिता यात आहे. ‘१९८६ साली लागणारा बाहुल्यांचा कार्यक्रम कोणता?’ याला ‘अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, कारण अधिकाऱ्यानं तुमच्यासाठी संशोधन करावं असं कायदा म्हणत नाही. त्याऐवजी असलेला कागद मागा: ‘मुंबई केंद्राच्या टेप लायब्ररीतील १९८५ ते १९८८ या काळातील मुलांच्या कार्यक्रमांच्या नोंदवहीची प्रत’. पहिल्या खेपेला नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. माझा पहिला अर्ज मीच वाया घालवला. त्यात दीड पान भावना होत्या आणि प्रश्न एकही नव्हता.

८. घरातल्या कॅसेटी

खरा खजिना लग्नाच्या कॅसेटींत आहे. व्हीएचएस कॅसेट बहुधा तीन तासांची. लग्न दोन-सव्वादोन तासांत उरकायचं. उरलेल्या टेपेवर व्हीसीआर भाड्यानं आणणारा किंवा दुबईहून घेऊन आलेला मामा वाट्टेल ते रेकॉर्ड करायचा. किंवा आधी टीव्हीचं काही भरलेलं असायचं, त्यावर लग्न चढायचं आणि जुनं शेपटाला तसंच राहायचं. म्हणून कॅसेट शेवटपर्यंत चालवा, मुंग्या दिसल्या तरी बंद करू नका. विदाईनंतर पंधरा मिनिटं मुंग्या आणि मग बातम्या, असं होतं.

पण हाती लागली की लगेच यंत्रात घालू नका. खिडकीच्या उजेडात धरून आतली रिळं बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे; आपल्या पावसाळ्यात हे होणारच. तशी टेप चालवली तर तीही जाते, व्हीसीआरचं हेडही जातं आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही बुरशी लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. चांगली दिसणारी टेप आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले पदर सुटतात. कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी अजून असेल तर तोडून टाका, म्हणजे चुकून कुणी वर रेकॉर्ड करणार नाही. डिजिटल करणाऱ्याला आधीच बजावून सांगा: काही कापायचं नाही, रंग उजळायचे नाहीत, वर संगीत टाकायचं नाही. एका दुकानदारानं आमच्या एका कॅसेटच्या शेवटची मुंग्यांची वीस मिनिटं ‘खराब भाग’ म्हणून प्रेमानं काढून दिली होती. मूळ कॅसेट परत मागितली म्हणून वाचलो.

सुलूमावशीच्या लग्नाच्या कॅसेटवर मला ती दिसली. जेवणाच्या पंगती संपतात, मग निळसर पट्टे, मग मुंग्या, आणि एकदम मधूनच सुरू होणारे तीन-साडेतीन मिनिटांचे दृश्य. काळा पडदा. पांढरट चेहरा, कारण कॅमेऱ्यानं गालांवरचा प्रकाश जाळून टाकलाय. डोक्याला पदर. ती एका मुलाला सांगतेय की जेवणाआधी हात धू, आणि जबडा प्रत्येक शब्दाच्या अर्धा शब्द मागे चालतोय. हसत नाही ती, एकदाही नाही. शेवटी निवेदिका म्हणते ‘आता पाहू या’ आणि टेप संपते. शीर्षक नाही, नामावली नाही. ताईला दाखवलं तर ती म्हणाली, ‘कान कुठे गेले?’

९. दुसऱ्याचं सापडलेलं तपासताना

कुणी ‘सापडलं’ म्हणून क्लिप पाठवली तर बाहुलीकडे नंतर बघा, आधी अक्षरांकडे बघा. त्या काळी पाट्या हातानं रंगवलेल्या असत. १९७८ च्या पाटीवर संगणकाचा फाँट असेल तर विषय संपला. हल्ली यंत्रानं बनवलेल्या चित्रांत देवनागरीची मोडतोडही दिसते, मात्रा भलतीकडे, जोडाक्षरं गोळा झालेली. मग विचारा: कॅसेट कुठली, आधी-नंतर काय आहे, संपूर्ण फाइल देता का? अस्सलवाल्याकडे नेहमी कंटाळवाणा भाग असतो, पंगती, आहेर, बातम्यांचं टोक. ज्याच्याकडे फक्त भीतीचे वीस सेकंद आहेत त्याच्यावर वेळ घालवू नका.

१०. कलाकारांना भेटताना

हे शेवटी, हातात कागद किंवा क्लिप असेल तेव्हाच. बरेच जण आता वयानं ऐंशीच्या आसपास असतील. ओळखीतून जा, पहिल्या भेटीत टेप मागू नका, क्लिप लावून द्या आणि गप्प बसा. बाहुली कुणी बनवली, कापड कुठलं, आवाज कुणाचा, त्यांचं त्यांनाच आठवत जातं. घरात जुनी बाहुली असेल तर फोटो मागा. क्लिप कुठेही टाकण्याआधी त्यांना सांगा, आणि हक्क कुणाकडे आहेत ते बघितल्याशिवाय पूर्ण कार्यक्रम चढवू नका.

माझी त्या आजीला बोलकं करणाऱ्यांशी अजून भेट झालेली नाही. निवेदिकेच्या साडीवरून आणि आधीच्या पंगतीवरून १९८७ चा मे महिना ठरतोय, पुढच्या शनिवारी त्या महिन्याचे अंक बघायला जायचंय. कॅसेटवर नवी चिठ्ठी लावून ती कपाटात उभी ठेवली आहे: ‘सुलूचं लग्न. शेवटी आजी आहे. पुसू नये.’